सहल ठरवण्याआधी भरतीची वेळ विचारा

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राला गेली होती. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात आम्ही मोठ्या उत्साहाने विचारले, "काल विज्ञान केंद्रात काय काय पाहिलं?"

एक मुलगा म्हणाला, "विमान." दुसरा म्हणाला, "वाकडे आरसे. त्यात मी जाडा दिसत होतो." तिसऱ्याला फक्त आइस्क्रीम आठवत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ हात वर करून बसली होती. तिला विचारले, तर ती म्हणाली, "टीचर, मी पुढच्या मुलीची वेणी पाहिली. रांगेत तेवढंच दिसत होतं."

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरची आमची उर्दू माध्यमाची शाळा. कुणाचे अब्बा होडीवर, कुणाचे आखातात, कुणाच्या अम्मी शिलाई करून घर चालवणाऱ्या. त्या माणसांनी सहलीसाठी पैसे दिले होते. त्या पैशांत आम्ही त्यांच्या मुलीला पुढच्या मुलीची वेणी दाखवून आणली होती.

ती मुलगी आठवीनंतर शाळेत आली नाही. त्याला सहल कारणीभूत होती असे नाही. पण तिला शाळेत थांबावेसे वाटेल असे काही आम्ही तिला दाखवू शकलो नाही, हेही तितकेच खरे. म्हणून पुढची सहल ठरवताना आम्ही आधी आमच्या चुका कागदावर लिहून काढल्या. आपल्या मासिकाच्या वाचकांत शिक्षक आहेत, तसे सुट्टीत मुलांना घेऊन मुंबई गाठणारे पालकही आहेत. दोघांच्याही उपयोगी पडेल म्हणून तो सगळा अनुभव इथे मांडत आहोत.

चूक नेमकी कुठे झाली?

मुंबईला जायचे म्हटले की आपल्याकडे हाजी अलीचे नाव निघतेच. आम्हीही ठरवले होते, सकाळी आधी हाजी अली, मग विज्ञान केंद्र. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर दोन-तीन किलोमीटरचे. कागदावर बेत अगदी चोख होता.

आमची गाडी साडेदहाला हाजी अलीला पोहोचली, तेव्हा दर्ग्याकडे जाणाऱ्या वाटेवर पाणी चढायला लागले होते. बघता बघता वाट बुडाली. ब्याण्णव मुले आणि आम्ही चार शिक्षक रस्त्याच्या कडेला उभे. "आता उतरेल, मग उतरेल" करत दोन वाजून गेले. मग जियारत, मग जेवण. विज्ञान केंद्रात शिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि पाचला गाडी सोडायची होती. दीड तासात ब्याण्णव मुलांना एका रांगेत आम्ही सगळ्या इमारतीतून पळवत नेले. कुठल्याही उपकरणाला हात लावायला कोणी थांबला की आम्हीच ओरडत होतो, "चला, चला, पुढे चला!"

किनाऱ्यावर राहणारी माणसे आम्ही, आणि भरतीची वेळ पाहायचे कुणाच्या ध्यानात आले नाही. दोष दुसऱ्या कुणाला देण्यासारखा नव्हता.

ही जागा पळत पाहण्याची नाही

वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटे आणि 'हात लावू नये' अशी पाटी येते. विज्ञान केंद्राचा कारभार उलटा असतो. इथे हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. चाक फिरवायचे, दोर ओढायचा, बटण दाबायचे, आरशात डोकवायचे, आणि काय झाले ते पाहायचे.

ही कल्पना जगभर गाजली ती अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात १९६९ मध्ये सुरू झालेल्या एक्सप्लोरेटोरियममुळे. ते उभे करणारे फ्रँक ओपेनहायमर हे भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय कारणांमुळे त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा काही वर्षे त्यांनी गुरे पाळली आणि मग कोलोरॅडो राज्यातल्या एका छोट्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवले. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट विशेष आवडते.

आपल्या देशातही अशा जागांना मोठा इतिहास आहे. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झाले. मुंबईत वरळीला १९७७ मध्ये 'प्रकाश आणि दृष्टी' या विषयावरचे दालन आधी उघडले. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होते, त्या वर्षी मुलांसाठी विज्ञान उद्यान तयार झाले. संपूर्ण केंद्राचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. आज तिथे हाताळून पाहण्याजोगी पाचशेच्या वर उपकरणे आहेत. बागेत वाफेचे जुने इंजिन, ट्राम आणि भारतात बनलेले 'मरुत' हे लढाऊ विमान उभे आहे.

आता हिशोब करा. एका उपकरणापाशी तीन मिनिटे थांबायचे म्हटले तरी पाचशे उपकरणांना पंचवीस तास लागतील. म्हणजे एका दिवसात सगळे पाहणे शक्यच नाही. काय सोडायचे, हे ठरवणे म्हणजेच सहलीचे नियोजन. हे आम्हाला पहिल्या सहलीनंतर कळले.

तांडेलांच्या ओट्यावर

गेल्या हिवाळ्यात पुन्हा सहल ठरली. परवानगीचे कागद घरोघरी गेले. एक कागद सहीविना परत आला. आठवीतल्या एका हुशार मुलीचा. ही मुलगी त्या 'वेणी'वाल्या मुलीची धाकटी बहीण.

आम्ही दोघी शिक्षिका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मुलीचे अब्बा होडीवर तांडेल आहेत. ओट्यावर जाळे विणत बसले होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि मग शांतपणे विचारले, "टीचर, मोठीला नेलंत तेव्हा मी पैसे दिले. काय शिकून आली ती?"

उत्तर आम्हाला माहीत होते. आम्ही खरे तेच सांगितले. भरतीत अडकलो, वेळ गेला, मुलांना काही पाहता आले नाही, चूक आमची झाली.

"किती वाजता पोहोचला होतात हाजी अलीला?"

"साडेदहाला."

"आणि चांद कितवा होता?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. कुणालाच आठवेना. मग सहलीचा जुना कागद काढून तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजले आणि जाळे बाजूला ठेवून हसले. "अवसेचं उधाण होतं ते. बाराच्या पुढं-मागं पाणी पुरं भरणार. मला विचारलं असतंत तर!"

मग त्यांनी आम्हाला जे सांगितले, ते आम्ही वहीत उतरवून घेतले. पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास आपल्या या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि रात्री बाराच्या सुमाराला येते. हे उधाणाचे दिवस, पाणी जास्तीत जास्त चढते आणि तितकेच खाली उतरते. तिथून रोज साधारण पाऊण तासाने वेळ पुढे सरकते. सात-आठ दिवसांनी, चंद्र अर्धा असतो तेव्हा, भांग येतो. त्या दिवसांत पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर.

आमच्या भूगोलाच्या पुस्तकात हेच लिहिले आहे. चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की त्यांच्या ओढीची बेरीज होते आणि उधाणाची भरती येते, काटकोनात आले की भांगाची. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्या वेळात चंद्रही पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. वर्षानुवर्षे हा धडा शिकवूनही त्याचा उपयोग करायचे आम्हाला सुचले नव्हते. ज्यांना सुचले असते त्यांना आम्ही कधी विचारले नव्हते.

"मग या वेळी सहल कधी ठेवू?" आम्ही विचारले.

त्यांनी पुन्हा बोटे मोजली. "मंगळवार म्हणताय ना? त्या दिवशी चांदची पंधरावी. पाणी सव्वाबाराला भरेल, सव्वासहाला सुकेल. हाजी अलीला सकाळी जाऊ नका, साडेचारला जा. वाट कोरडी मिळेल."

सही मात्र त्यांनी त्या दिवशीही केली नाही. "बघतो," म्हणाले. तिसऱ्या दिवशी धाकटी कागद घेऊन आली. सही होती, आणि सोबत निरोप होता. "अब्बा विचारतात, आम्हीही बघायला आलो तर चालेल का? मोठ्या बहिणीला पण आणायचं म्हणतात. तिचं राहिलं होतं ना."

शाळेच्या गाडीत बाहेरच्यांना घेता येत नव्हते. ते म्हणाले, मुंबईत माझी बहीण राहते, आम्ही आदल्या दिवशी तिच्याकडे येतो आणि दारावर भेटतो.

महिनाभर आधीची तयारी

या वेळी आम्ही जे केले ते क्रमाने सांगतो.

मुले कमी केली. फक्त आठवी आणि नववी, एकूण चाळीस. पाच-पाच मुलांचे आठ गट, प्रत्येक गटासोबत एक मोठे माणूस. चार शिक्षक होतो, उरलेल्या चार गटांसाठी पालकांना विचारले. तीन अम्मी तयार झाल्या, चौथे तांडेल.

वार नीट निवडला. शुक्रवार नको, कारण जुम्याची नमाज मध्येच येते. रविवार नको, गर्दी फार. रमजानमध्ये तर नकोच, रोजा असताना मुलांना एवढी दगदग सोसत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वरळीला नेहरू विज्ञान केंद्र वेगळे आणि नेहरू तारांगण वेगळे. नावे सारखी असल्याने पुष्कळ जण चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात. तारांगण सोमवारी बंद असते. विज्ञान केंद्र महालक्ष्मी स्टेशनपासून जवळ आहे. उघडण्याच्या वेळा आणि तिकिटाचे दर बदलत असतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारावे. शाळेचा गट असेल तर मुख्याध्यापकांचे पत्र आधी पाठवावे.

दालने फक्त तीन निवडली. प्रकाश, ध्वनी आणि बाहेरची बाग. बाकी सगळे पुढच्या वेळेसाठी सोडले. मुले कुरकुरली. त्यांना म्हणालो, दावतीत सगळ्या पातेल्यांतले चमचाभर चाखण्यापेक्षा एक पदार्थ पोटभर खावा.

शब्दांची चिठ्ठी केली. आमची मुले विज्ञान उर्दूत शिकतात आणि केंद्रात पाट्या मराठी, हिंदी, इंग्रजीत असतात. ज्याला मुले 'इनइकास' म्हणतात ते मराठीत परावर्तन आणि इंग्रजीत रिफ्लेक्शन. 'इनइताफ' म्हणजे अपवर्तन, रिफ्रॅक्शन. 'अदसा' म्हणजे भिंग, लेन्स. 'कशिश-ए-सकल' म्हणजे गुरुत्वाकर्षण. 'चर्खी' म्हणजे कप्पी. असे वीस शब्द तीन भाषांत लिहून प्रत्येकाला दिले. उर्दू माध्यमाच्या मुलांना विज्ञान येत नाही असे लोक म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्यांना फक्त समोरचा शब्द ओळखीचा नसतो.

घरी प्रयोग करायला लावले. दोऱ्याला दगड बांधून लंबक करा. दोरा २५ सेंटीमीटर असेल तर एक पूर्ण झोका साधारण एका सेकंदात होतो. दोरा एक मीटर केला तर साधारण दोन सेकंद लागतात. आता दगड बदला, जड घ्या. वेळ बदलते का? मुलांनी पैजा लावल्या आणि बहुतेक सगळे हरले, कारण वेळ दगडावर नसते, दोऱ्याच्या लांबीवर असते. दुसरा प्रयोग चपलांच्या खोक्याचा. एका बाजूला सुईने बारीक छिद्र, समोरच्या बाजूला तेलकट कागद. अंधाऱ्या खोलीतून उजेडाच्या खिडकीकडे छिद्र धरले की कागदावर खिडकी उलटी दिसते.

हा दुसरा प्रयोग करताना आम्ही मुलांना इब्न अल-हैसम यांची गोष्ट सांगितली. बसऱ्यात दहाव्या शतकात जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले हे विद्वान. डोळ्यांतून किरण निघतात आणि वस्तूवर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे तेव्हा पुष्कळ मोठमोठे लोक मानत. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाजिर' या ग्रंथात मांडले. आणि नुसते मांडले नाही, अंधाऱ्या खोलीत छिद्रातून प्रकाश सोडून तपासून पाहिले. एका मुलाने विचारले, "म्हणजे विज्ञान आपल्याच लोकांनी शोधलं ना, टीचर?" आम्ही म्हणालो, "त्यांनी त्यांचं खोकं केलं. तुझं खोकं झालं का?" त्याचे झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी करून आणले. बुजुर्गांचा अभिमान जरूर असावा, पण त्या अभिमानाने आपला गृहपाठ पूर्ण होत नाही.

प्रत्येकाने एक सवाल लिहिला. नाव नको, फक्त प्रश्न. "झोक्यावर मोठा माणूस आणि लहान मूल सारख्याच वेळात झुलतात का?" "आरशात डावं-उजवं बदलतं, मग वर-खाली का बदलत नाही?" अशा चिठ्ठ्या जमल्या. एक नियम केला. पाट्या उतरवून घ्यायच्या नाहीत. तुझ्या सवालाचा जवाब हाताने शोध, आणि सापडला नाही तर तसे लिही.

कपड्यांचा विचार केला. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. फिरणारी चाके, दोर, साखळ्या असतात तिथे ओढणी किंवा बुरख्याचे टोक अडकण्याची भीती असते. आम्ही मुलींना ओढणी पिन लावून घट्ट बसवायला सांगितले. पायात चप्पल नको, पट्ट्याचे बूट. शिवाय घरचा डबा, पाण्याची बाटली, आणि नमाजसाठी चार चटया.

त्या मंगळवारी

पहाटे पाचला निघालो, दहाला केंद्रावर पोहोचलो. दारात तांडेल उभे होते, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. बाजूला मोठी मुलगी. तिने सलाम केला आणि हळूच म्हणाली, "टीचर, आज रांग नाही ना?"

रांग नव्हती. आठ गट आठ दिशांना गेले. पहिली पंधरा मिनिटे मुले नुसती धावत होती, या उपकरणावरून त्या उपकरणावर. आम्ही अडवले नाही. ती धावपळ लागतेच. अर्ध्या तासाने सगळीकडे शांतता झाली, म्हणजे गोंगाट होता, पण प्रत्येक गट कुठे ना कुठे थांबलेला होता.

ध्वनीसाठी बसवलेल्या मोठ्या वाडग्यासारख्या दोन तबकड्या समोरासमोर होत्या. एकीपाशी तोंड करून पुटपुटले की लांबच्या दुसरीपाशी उभ्या असलेल्या मुलीला स्वच्छ ऐकू येत होते, आणि मधल्या मुलांना काहीच नाही. तबकडीचा आकार असा असतो की ठरावीक जागेवरून निघालेला आवाज तिच्यावर आपटून सरळ समोर जातो, आणि समोरची तबकडी तो पुन्हा एका जागी गोळा करते. मुलींना तासभर तिथून हलवता येईना. सहा महिन्यांची सगळी गुपिते त्यांनी तिथेच सांगून टाकली असावीत.

आम्ही बागेत आलो, तेव्हा तांडेलांचा गट कप्प्यांपाशी होता. खुर्चीत बसायचे आणि दोर ओढून स्वतःला वर उचलायचे. एका खुर्चीला एकच कप्पी, दुसरीला जास्त. मुली आळीपाळीने बसून पाहत होत्या. एका कप्पीच्या खुर्चीत दम लागत होता, दुसरीत हलके जात होते.

"का बरं?" आम्ही मुलींना विचारले.

मुली पुस्तकातली व्याख्या आठवू लागल्या. तांडेल मागे उभे होते. म्हणाले, "टीचर, मी सांगू का?" आणि त्यांनी दोराला हात घालून एकेक पदर मोजून दाखवला. "हे बघा, तुमचं वजन किती दोऱ्यांवर आहे ते मोजा. चार दोऱ्यांवर असेल तर एकेकीवर चौथा हिस्सा. चाळीस किलोची पोर असेल तर दहा किलोचा जोर पुरे. पण फुकट नाही मिळत काही. एक हात वर जायला चार हात दोर ओढावा लागतो. होडीवर आम्ही असंच करतो. जाळं भरून आलं की चार माणसांचं काम दोन माणसं करतात."

धाकटीने वहीत लिहून घेतले. मोठी म्हणाली, "अब्बा, हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

ते जरा थांबले. "तू विचारलं नाहीस. आणि मला वाटलं, हे शाळेतलं नसतं."

आम्ही तिथेच उभे होतो. आम्हालाही काही बोलता आले नाही. शाळेतले आणि घरातले यांच्यामध्ये एक भिंत असते. ती तांडेलांनी एकट्यांनी बांधलेली नव्हती. आम्हीही आपल्या बाजूने विटा रचल्या होत्या.

एकच्या सुमाराला सगळे गट जमले. डबे खाल्ले. तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून एका बाजूला चटया अंथरल्या आणि दोन पाळ्यांत जोहरची नमाज झाली. दुपारी प्रकाशाचे दालन. चपलांच्या खोक्यात पाहिलेली उलटी खिडकी मुलांना आठवत होती, त्यामुळे आरसे आणि भिंगे त्यांना परकी वाटली नाहीत. आरशाच्या सवालाचा जवाब तिघींनी मिळून शोधला. आरसा डावे-उजवे बदलतच नाही, तो पुढचे मागे करतो. उजवा हात वर केला की आरशातही उजव्याच बाजूचा हात वर होतो. आपण त्या माणसाच्या जागी स्वतःला वळवून कल्पना करतो, म्हणून घोटाळा होतो. हा जवाब कुठल्याही पाटीवरून त्यांनी घेतला नव्हता.

पावणेचारला निघालो. साडेचारला हाजी अली. वाट मोकळी होती, दोन्ही बाजूंचे खडक ओले होते आणि पाणी लांब गेले होते. चाळीस मुलांनी एकदम तांडेलांकडे पाहिले. त्यांनी फक्त मिशीतल्या मिशीत हसून घड्याळ पाहिले. अस्रची नमाज तिथेच पढली आणि दिवस मावळायच्या आत गाडीत बसलो.

परतल्यावरचे काम

सहल घरी पोहोचल्यावर संपत नाही. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला लावला नाही. प्रत्येक गटाने एक उपकरण शाळेत बनवायचे, असे ठरले. एका गटाने बांबू, दोरी आणि जुन्या कप्प्या जमवून दप्तरे उचलणारे यंत्र केले. एका गटाने दोन जुन्या छत्र्यांना आतून चकाकता कागद लावून आवाजाच्या तबकड्या करून पाहिल्या. त्या चालल्या नाहीत. का चालल्या नाहीत यावर जो वाद झाला, तो आमच्या मते वर्षातला सर्वांत चांगला तास होता.

ज्यांना मुंबई लांब पडते त्यांच्यासाठी इतर ठिकाणेही आहेत. नागपूरला रामन विज्ञान केंद्र आहे, पिंपरी-चिंचवडला सायन्स पार्क आहे, पणजीजवळ मिरामारला गोवा विज्ञान केंद्र आहे. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या फिरत्या प्रदर्शनाच्या गाड्याही शाळांपर्यंत जातात, त्यासाठी शाळेने मागणी करावी लागते. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची शेकडो खेळणी तयार केली आणि ती कशी करायची हे मोफत सर्वांसाठी खुले ठेवले. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी चप्पल एवढ्यावर त्यांचे काम भागते. घरात ते सामान नाही, असे एकही घर नसेल.

आणि कुटुंबासह जाणार असाल तर एवढे करा. मुलांना आठवडाभर आधी एकेक सवाल लिहायला सांगा. दोन किंवा तीन दालनेच पाहा. मुलाने बटण दाबले की "पाहिलंस? चल," असे म्हणू नका, पुन्हा दाबू द्या. उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही, बघू या" असे म्हणायला लाजू नका. दादी-नानी चालू शकत असतील तर त्यांनाही न्या. जाते, राहाट, कप्पी, तराजू यांविषयी त्यांच्या हातांना पुष्कळ माहिती असते.

शेवटी

धाकटी आता नववीत आहे. तिच्या अब्बांनी "दहावीपर्यंत तर शिकू दे, मग बघू," एवढेच सांगितले आहे. त्यावर आम्ही जास्त ताणले नाही. मोठीने मात्र आम्हाला चकित केले. सहलीनंतर महिनाभराने ती शाळेत आली आणि विचारू लागली, "टीचर, घरी बसून दहावी देता येते का?" येते. त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. शाळा सोडल्याचा दाखला तिचे अब्बा स्वतः घेऊन आले. परीक्षा अजून व्हायची आहे, गणिताची भीती आहे, आणि शिलाईचे काम सांभाळून अभ्यास होतो आहे. वाचकांनी तिच्यासाठी दुआ करावी.

आमच्या शाळेच्या फलकावर पूर्वी रोज एक सुविचार लिहिला जायचा. आता त्याच्या शेजारी चांदची तारीख आणि त्या दिवसाच्या भरतीची वेळ असते. धाकटी आणि तिच्या मैत्रिणी ती स्वतः मोजून लिहितात. चुकली तर संध्याकाळी किनाऱ्यावर कोणीतरी सांगतेच, आणि दुसऱ्या दिवशी फलकावर दुरुस्ती होते.